शेड, शॅडो आणि दादांची बाज

पंचवटीत माझा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास आहे. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, आणि बरोबर खाली पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की मला ओरडून शिकवावं लागतं. त्यामुळे माझे विद्यार्थी इंग्रजी बोलतात ते जरा भांडल्यासारखं बोलतात, पण न घाबरता बोलतात. साडीच्या दुकानातले सेल्समन, नर्सिंगच्या मुली, बढतीच्या आशेवर असलेले क्लार्क, सगळे असतात. आणि प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी उठून सांगतंच, की मी झाडाच्या शॅडोमध्ये बसलो होतो.

यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे सावली एकच. झाडाखाली बसतो तीही सावली आणि रस्त्यावर आपल्या मागे मागे येते तीही सावलीच. पडछाया म्हणून एक शब्द आहे, पण तो पुस्तकातच बरा दिसतो. 'पडछाया बघून गाडी लाव रे' असं म्हणणारा माणूस मी तरी नाशकात पाहिलेला नाही. इंग्रजांनी मात्र दोन शब्द करून ठेवले आणि माझ्या पोटापाण्याची सोय केली.

मी शिकवते ते असं. शेडमध्ये बसता येतं, शॅडो नुसती पडते. शॅडोला आकार असतो आणि मालक असतो, म्हणून ती कुणाची असं विचारता येतं. शेडला मालक नसतो, तिच्याबद्दल एकच प्रश्न, ती कुठे आहे? हे सांगून झालं की मी फळ्याकडे पाठ करून दोन क्षण उभी राहते, कौतुकासाठी. पाठांतराला सोपं, परीक्षेत चालणारं, आणि मुख्य म्हणजे माझं स्वतःचं. कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही.

या सूत्राची परीक्षा झाली ती मात्र क्लासात नाही. सायखेड्याच्या बाजूला आमचं थोडंसं शेत आहे, तिथल्या बांधावर झाली.

शेतावर माझे वडील राहतात. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात गेली, तीही बॉयलरच्या बाजूला. उन्हाळ्यात बाहेर पेटलेलं ऊन आणि आत त्याहून पेटलेला बॉयलर, अशा दोन तव्यांवर हा माणूस आयुष्यभर भाजला गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलनीतलं घर सोडलं, शेतावर दोन खोल्या बांधल्या आणि आईला म्हणाले, आता मला फक्त एक बाज आणि एक झाड पाहिजे. झाड होतंच. बांधावर, आमच्या बाजूला, चांगला पसरलेला लिंब. लिंब म्हणजे कडुनिंब. आमच्याकडे आंबट लिंबाला लिंबू म्हणतात, त्यामुळे घोटाळा होत नाही.

बाजेचा दिवस ठरलेला होता. सकाळी सावली आमच्या शेतात पडायची, तेव्हा बाज आमच्या हद्दीत. दुपारी जेवणं झाली की सावली बांध ओलांडून शेजारच्या शेतात जायची आणि बाजही तिच्या मागोमाग जायची. उचलायला एका टोकाला दादा आणि दुसऱ्या टोकाला शेजारचे चाचा. चाचा आणि दादा शाळेत एकाच फळीवर बसलेले. भेटले की चाचा म्हणायचे 'जय भीम' आणि दादा म्हणायचे 'सलाम'. कधी एखाद्याने चुकून स्वतःचंच म्हटलं, तर दुसरा लगेच तोंड वाकडं करून विचारायचा, "काय रं, रागावला का?"

आई गेली त्या वर्षी दादा बोलेनासे झाले. मी रविवारी जायची, स्वयंपाक करायची, बडबड करायची आणि भिंतीशी बोलून परत यायची. नाशकात चला म्हटलं तर मान हलवायचे. चाचा मात्र रोज दुपारी चहाची किटली घेऊन यायचे, बाज उचलायला लावायचे, पलीकडे नेऊन ठेवायचे आणि तिच्यावर बसून राहायचे. दादा बोलत नाहीत म्हणून तेही बोलायचे नाहीत. पुढे एक दिवस चहात साखर कमी पडली म्हणून दादांनी शिवी दिली. चाचांनी मला फोन करून ती शिवी जशीच्या तशी ऐकवली. मी ओट्याशी उभी राहून आनंदाने रडले.

हे एवढ्यासाठी सांगते आहे की पुढे जे भांडण झालं, त्यात लोकांना झाड दिसलं. मला झाडाची एवढी काळजी नव्हती. लिंब गेला असता तर दुसरा लावता आला असता, चाचा कुठून आणायचे?

साठी उलटल्यावर माणसाला तीर्थयात्रेचे डोहाळे लागतात. चाचांना द्राक्षबागेचे लागले. त्यांनी बांधाला लागूनच बाग उभी केली. लोखंडी अँगल, तारा, ठिबकच्या नळ्या, सगळं साग्रसंगीत. पहिली अडचण अशी झाली की बाज पलीकडे जाईना. दादा दुपारी आमच्याच हद्दीत उन्हाच्या कडेकडेने बाज सरकवत बसू लागले. दुसरी अडचण अशी, की लिंबाची दुपारची सावली बागेच्या पहिल्या दोन ओळींवर पडायला लागली. वेलींना पाला उदंड, घड मात्र नाहीत.

"तुझा लिंब माझा माल खातो," चाचा एका दुपारी म्हणाले.

"सावली कुणाचं काय खाती? जन्मभर लोळला तिच्यात."

"लोळलो ना. पण आता घड लागत नाय."

"मग बाग सरकव तिकडं."

"बाग सरकती का? झाड तोड. मी तुला पत्रे मारून देतो वर. फॅनसकट."

दादांना झाड तोड म्हटल्याचा आला नाही इतका राग पत्र्यांचा आला. "जन्मभर बॉयलरपाशी भाजलो," ते उठून उभे राहिले, "आता म्हातारपणी पत्र्याखाली भाजू? तूच बस फॅन लावून."

त्या दिवशी चाचा किटली तशीच भरलेली घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. मग दादांचा मला फोन. "तू मास्तरीण हाय ना? सांग त्याला काहीतरी."

मी रविवारी स्कूटरवरून गेले आणि दोघांना बांधावर समोरासमोर उभं केलं. दोघंही माझ्याकडे बघत होते, एकमेकांकडे नाही. मी माझं सूत्र बाहेर काढलं. म्हटलं, तुम्ही उगाच भांडताय. चाचांना नको आहे ती शॅडो, आणि दादांना हवी आहे ती शेड. वस्तूच दोन आहेत. चाचांच्या बाजूच्या फांद्या तेवढ्या उतरवा, आमच्या बाजूच्या ठेवा. ज्याचं त्याला मिळेल.

एवढं सुंदर बोलल्यावर निदान कुणी हूं तरी म्हणावं. दादा म्हणाले, "झाड एकच हाय." पण चाचांना पटलं. बागेच्या ऑक्टोबरच्या छाटणीला मजुरांची टोळी येणारच आहे, त्याच दिवशी लिंबाचं उरकून टाकू, असं त्यांनी मला सांगितलं, म्हणजे दादांना ऐकवलं. दादांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. छाटणीच्या आदल्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे पंचवटीत हजर झाले. त्यांना कुऱ्हाडीचा आवाज ऐकायचा नव्हता.

आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत समोरच्या इमारतीची सावली दिवसभर असते. मी कौतुकाने खुर्ची मांडून दिली. दादा बसले, वर बघितलं आणि म्हणाले, "ही बिल्डिंगची हाय. हिच्याखाली काय बसायचं?" मग मी त्यांना क्लासला घेऊन गेले. ते शेवटच्या बाकावर बसले. त्या दिवशी मुद्दाम शेड आणि शॅडोच घेतलं, नेमकं गिरणी बंद असताना. सगळं सांगून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे फळ्याकडे पाठ करून उभी राहिले, तर मागून दादांनी हात वर केला. "मॅडम, भांडण ह्यातल्या कुठल्यात बसतं?" अख्खी बॅच हसली. दादा हसले नाहीत.

चार-सहा दिवसांनी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून शेतावर निघाले. कॅनॉलपासून वळलं की आमचा लिंब लांबूनच दिसतो. त्या दिवशी वळलो आणि दादा म्हणाले, "वळण चुकली तू."

मी चुकले नव्हते.

बांधावर नुसतं खोड आणि त्याला चारी बाजूंनी आखूड आखूड खुंट होते. पान म्हणून एकही नाही. आणि प्रत्येक खुंटाच्या टोकाला लालसर रंग फासलेला, लहान मुलीने आईचं नेलपॉलिश सापडल्यावर लावावं तसा.

झालं होतं ते असं. द्राक्षाची छाटणी म्हणजे वेलीची काडी सात-आठ डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटायच्या जागांवर, आणून ठेवायची आणि त्या डोळ्यांना पेस्ट लावायची, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. कुठल्या काडीला लागली ते कळावं म्हणून पेस्टमध्ये रंग घालतात. चाचा टोळीला 'बांधावरचा लिंबपण चांगला छाटा' एवढं सांगून औषधं आणायला बाजारात गेले. बागेतल्या माणसांच्या लेखी चांगलं छाटणं एकाच प्रकारचं असतं. गडी कोयते घेऊन वर चढले आणि त्यांनी लिंब चांगला छाटला. मागून बायका पेस्टच्या बादल्या घेऊन येतच होत्या, त्यांनी सवयीने लिंबालाही पेस्ट लावली. कामात कुणी कुचराई केली नव्हती, उलट झाली असती तर बरं झालं असतं.

वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून आत्ताच सांगून टाकते, लिंब उत्तम आहे. पेस्टने केलं की लिंबाच्या मूळच्या चिवटपणाने, कोण जाणे, पण तो सगळीकडून एकदम फुटला आणि थंडी सरेस्तोवर पूर्वीपेक्षा दाट झाला. उन्हाळ्याच्या तोंडाला चाचांनी स्वतःच त्या दोन ओळी काढून टाकल्या आणि तारा मागे घेतल्या. बाजेला पुन्हा रस्ता आहे. पण त्या दिवशी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं.

दादा स्कूटरवरून उतरले. घरात गेले, एकट्याने बाज ओढत आणली, नेहमीच्या जागी, खोडापाशी ठेवली आणि तिच्यावर बसले. ऑक्टोबरचं ऊन, चहाची वेळ. पश्चिमेचं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येत होतं आणि डोळ्यांना पाणी आलं होतं, उन्हाने की कशाने ते त्यांनाच ठाऊक. मी म्हटलं, घरात चला. नाही. छत्री आणू? नाही. मग मी चिडले. मी मुळातच तापट, आणि हा तापटपणा ज्यांच्याकडून आला ते समोरच बसलेले. म्हटलं, एका झाडापायी तुम्ही माणूस घालवाल, मग बसा या खुंटाशी बोलत! आणि एवढं बोलून मलाच रडू फुटलं.

दादा माझ्याकडे बघतच नव्हते. ते मान मागे वळवून बागेतून येणाऱ्या पायवाटेकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते रुसून बसलेले नाहीत, वाट बघत बसले आहेत.

मला वाटलं, चाचा येणार नाहीत. कुठल्या तोंडाने येतील? एवढ्यात तारांखालून वाकून ते बाहेर आले, हातात किटली. बांध चढले. लिंबाकडे त्यांनी बघितलं नाही. दादांसमोर क्षणभर थांबले, ओठ हलले, पण त्यांना जय भीम म्हणवेना. मग बाजेला पूर्ण वळसा घालून पलीकडे गेले आणि पश्चिमेला, सूर्याकडे पाठ करून उभे राहिले. सरळ, पाय फाकवून, धोतराचा सोगा हातात धरून थोडा पसरलेला. त्यांची सावली दादांच्या तोंडावर आली आणि दादांचे मिचमिचे डोळे उघडले.

बागेत कुठेतरी ठिबकची नळी फुसफुसत होती.

"सलाम," दादा म्हणाले.

"जय भीम," चाचा म्हणाले.

"उभा काय राहिला? बस."

"नको."

"बस म्हणतो ना."

"बसलो तर तुला ऊन लागंल."

दादांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मास्तरीणबाई," ते म्हणाले, "हिला काय म्हणती तू? शेड का ती दुसरी?"

मी चाचांच्या हातातली किटली घेतली आणि चहा ओतला.