वसुधाताईंनी गाळलेल्या दोन ओळी

वसुधाताई सभेत बसल्या की लोक जरा जपूनच बोलत. आठ वर्षं त्या परदेशातल्या क्लेमेंटी या उपनगराच्या मराठी मंडळाच्या सचिव. कोण काय म्हणालं, कोणी कुणाला मध्येच तोडलं, सगळं आधी लांब वहीत पेन्सिलीने उतरायचं, मग घरी टाइप व्हायचं. नवरा रवींद्र विद्यापीठात संशोधक, तो म्हणे, "हिच्यासमोर शिंकलो तरी नोंद होते." मंडळात वाद पेटला की शेवटी कुणीतरी म्हणायचंच, ताईंच्या इतिवृत्तात काय आहे ते बघा. तिथे वाद मिटायचा.

या वर्षी मात्र मंडळाची सरळ दोन शकलं झाली होती. घटनेप्रमाणे नियम करायचे कार्यकारिणीने आणि कारभार चालवायचा अध्यक्षांनी. अध्यक्ष प्रबोध राहायचे शहराच्या दुसऱ्या टोकाला, ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत, म्हणजे तिथल्या बड्या गृहसंकुलात. मार्चमध्ये त्यांनी मुलांचा रविवारचा मराठी वर्ग कुणाला न विचारता क्लेमेंटीहून उचलला आणि आपल्या कॉन्डोच्या हॉलमध्ये नेला. ईस्ट कोस्टवाले म्हणत, "इतकं राबणारा अध्यक्ष आजवर झाला नाही, कार्यकारिणीच त्याचे पाय ओढते." क्लेमेंटीवाले म्हणत, "मग कार्यकारिणी काय नंदीबैल आहे, नुसती मान डोलवायला?" मंडळाच्या सहलीला पार्कात दोन वेगळ्या सतरंज्या पडल्या, तेव्हा ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळलं.

तो वर्ग वसुधाताई सहा वर्षं शिकवत होत्या. आता एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, तासभर आणि पुढे बस. त्यांची निम्मी मुलं गळली. राग त्यांनाही होता, आणि तो खरा होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कार्यकारिणी त्यांच्याच फ्लॅटवर बसली. ईस्ट कोस्टचे दोघे सदस्य शाळेच्या सुट्टीत भारतात गेलेले. म्हणजे अध्यक्ष एकटे आणि समोर वसुधाताई धरून क्लेमेंटीचे चौघे. दोन तास प्रबोधची चांगलीच धुलाई झाली. शेवटी कपातल्या गार चहाकडे बघत ते म्हणाले, "चुकलं माझं. जुलैपासून वर्ग परत क्लेमेंटीत. आणि यापुढे कार्यकारिणीला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही." पेन्सिलीने ते उतरवून घेतलं.

ते गेल्यावर नीता, क्लेमेंटीवाल्यांची पुढारी, चपला घालता घालता म्हणाली, "अविश्वासाचा ठराव आणायचा म्हणजे आणायचाच. आज हे म्हणेल, उद्या दुसरंच."

दुसऱ्या दिवशी टाइप करताना वसुधाताई त्या दोन ओळींपाशी थांबल्या. उठून कुकर लावला. परत येऊन पुढचा मुद्दा टाइप केला. गाळ म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हेच पुढे जास्त टोचलं.

मंडळाची पद्धत अशी, की वार्षिक सभेत कार्यकारिणीच्या शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करायचं आणि त्यावर अध्यक्षांनी सही करायची. जूनच्या शेवटच्या रविवारी वसुधाताईंनी ते वाचलं. त्या जागी त्यांचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही.

प्रबोध उभे राहिले. "त्या दिवशी मी वर्ग परत आणायचं कबूल केलं होतं. विचारून निर्णय घेईन असंही म्हणालो होतो."

"इतिवृत्तात आहे का ते?" नीताने विचारलं. त्या बैठकीतले क्लेमेंटीचे उरलेले दोघे छताचा पंखा बघत होते.

प्रबोध वसुधाताईंकडे वळले. त्यांनी कागदावरची नजर वर केली नाही. "नाही ना?" ते म्हणाले. "मग मीच नीट बोललो नसेन. ताईंच्या लिहिण्यातून काही सुटत नाही." आणि बसले.

इतिवृत्त कायम झालं. पाठोपाठ ठराव आला. हात मोजायचं काम सचिवांचं. चौतीस विरुद्ध सत्तावीस, प्रबोधचं अध्यक्षपद गेलं. मोजण्याच्या नादात स्वतःचा हात वर करावा लागला नाही, बरं झालं, असं वसुधाताईंच्या मनात आलं. आणि तसं यावं याची त्यांना भयंकर लाज वाटली.

लोक बटाटेवड्यांकडे वळले. प्रबोध मात्र टेबलापाशी आले. "ताई, त्या कागदावर माझी सही राहिलीय. करून जातो, तुमचं काम अडायला नको."

त्यांनी पेन उघडलं तशी वसुधाताईंनी कागदावर पंजा ठेवला. पिशवीतून लांब वही काढली आणि ते पान समोर धरलं.

प्रबोधनी सावकाश वाचलं. "म्हणजे मी बोललो होतो."

"हो."

"मघापासून मला वाटतंय, मनातल्या मनातच बोललो की काय." त्यांनी पेनाला टोपण लावलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "हात वर व्हायच्या आधी सांगायचं होतंत, ताई," एवढंच म्हणून ते दाराकडे निघाले.

वसुधाताईंनी माइक उचलला. "जरा थांबा. इतिवृत्तावर अजून सही झालेली नाही." नीता वडा हातात घेऊनच पुढे आली. "वसुधा, ठराव झालाय. आता कशाला?"

त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या. मग म्हणाल्या, "ह्या सुटल्या नव्हत्या. मी गाळल्या होत्या."

मग ईस्ट कोस्टचं कुणी म्हणालं, "बघा, आम्ही काय सांगत होतो." क्लेमेंटीचं कुणी म्हणालं, "हिला आत्ताच बरं आठवलं." आणि पुन्हा जुंपली. दारात थबकलेले प्रबोध तेवढं ऐकून बाहेर पडले. त्यांच्यामागे दार हळूच बंद झालं.

वसुधाताई खाली बसल्या. वहीचं कोरं पान काढलं, आजची तारीख घातली आणि पहिल्या नोंदीत, त्या दोन ओळी कुणी गाळल्या तिथे, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.