काठाकाठानं चालणारा

झाशीच्या आमच्या ऑफिसात फरशी नुकतीच पुसलेली असली, तरी आम्ही सगळे तिच्यावरून बिनदिक्कत चालतो. तो वनखात्याचा चौकीदार मात्र भिंतीलगत, काठाकाठानं यायचा. जंगलात वाटेच्या मधोमध चाललं की जनावरांचे ठसे मोडतात. ती सवय त्याला इथंही सुटत नसे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

जंगलाच्या दोन तुकड्यांमधला रस्ता आम्ही रुंद करणार होतो. अस्वलं तिथूनच ये-जा करतात, त्यांच्यासाठी रस्त्याखालून वाट ठेवा, एवढंच सांगायला तो तीनदा आला. ठशांच्या वहीतली धूळ माझ्या टेबलावर सांडू नये, म्हणून ती मांडीवरच उघडायचा.

पाहणी माझ्याकडे होती. उन्हातान्हात कोण जाणार, म्हणून मी खुर्चीत बसूनच लिहिलं: 'सोमवारी प्रत्यक्ष पाहणी केली. प्राण्यांची ये-जा आढळली नाही.' खालची वाट रद्द झाली.

चौथ्यांदा तो आला, तेव्हा मला वाटलं, आता भांडणार. त्यानं वही उघडली आणि हळूच विचारलं, "बाबूजी, आप सोमवार को आए थे न? भालू के निशान तो मिले, आपके पाँव के कहीं नहीं मिले. हमसे ही चूक हुई होगी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मैं किनारे-किनारे चला था."

त्याचा चेहरा खुलला. "बहुत अच्छा किया, बाबूजी," म्हणत त्यानं ते लिहून घेतलं.

त्या वहीत तेवढी एकच नोंद खोटी असेल.