मेहुण्याला हरवायला बऱ्हाणपूरला गेलो त्याची गोष्ट

सासुरवाडीला सायकल घेऊन जाणारा जावई आख्ख्या जळगावात मी एकटाच असेन. मेहुण्याचा, म्हणजे सुनीलचा, फोन आला. बऱ्हाणपूरला हौशी सायकलवाल्यांनी दोन दिवसांच्या शर्यती ठेवल्या होत्या आणि पंचेचाळिशीपुढच्यांचा गट वेगळा होता. "जिजाजी, तुम्ही याच." सुनील तिथल्या शाळेत गणित शिकवतो आणि सायकल माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली मारतो. तरी मी लगेच हो म्हणालो, कारण लग्न झाल्यापासून मला त्याला एकदा खरंखुरं हरवायचं होतं. कॅरम असो, पत्ते असोत, तो मला जिंकू देतो आणि ते लपवायचे कष्टही घेत नाही. जावयाचा मान.

बायको एवढंच म्हणाली, "गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस."

शनिवारी सकाळी गाडीमागे सायकल बांधून निघालो. भुसावळ, सावदा, रावेर असा सरळ रस्ता आहे. मधेमधे खड्डे आहेत आणि केळीचे ट्रक आपल्याला मोजत नाहीत, त्यामुळे अंधारात जाऊ नका. राहायला बसस्टँडजवळ लॉज आहेत म्हणे. मी पाहिलेले नाहीत. जावई लॉजवर उतरला तर सासूबाई अन्नपाणी सोडतील. प्रवेश फी माझ्या सायकलिंगच्या चड्डीपेक्षा कमी होती.

असल्या स्पर्धेला जायचं असेल तर आधी गुणांचा हिशेब समजून घ्या. शर्यती तीन, निकाल एक. पहिल्या दोन शर्यतींत पहिल्याला चाळीस गुण, दुसऱ्याला अडतीस, असे दोन-दोनने उतरत जातात. तिसऱ्या शर्यतीत दर काही फेऱ्यांनी स्प्रिंट, म्हणजे रेषेपर्यंत जीव तोडून धाव, असते. त्यात पहिल्या चौघांना पाच, तीन, दोन, एक असे गुण आणि अगदी शेवटच्या स्प्रिंटला दुप्पट. हे सगळे आधीच्या बेरजेत पडतात. थोडक्यात, एकही शर्यत न जिंकता माणूस वर येऊ शकतो. हे ऐकून मला फार बरं वाटलं. एकही शर्यत न जिंकण्याचा माझा अनुभव दांडगा आहे.

बहादरपूरकडे केळीच्या बागांमधून गोल रस्ता आखला होता. निघण्याआधी सासूबाईंनी मावा जिलेबी वाढली आणि नाही म्हणायची हिंमत मला झाली नाही. पहिल्या शर्यतीत ती जिलेबी माझ्याबरोबर सगळ्या फेऱ्या फिरली. सुनील तिसरा आला. मी कितवा आलो ते विचारू नका.

दुसरी शर्यत बाद होण्याची. दर फेरीला रेषेवर जो शेवटचा, तो बाहेर. निम्मे लोक गेले तेव्हा मी आणि सुनील शेपटाला होतो, आणि रेषा आली तेव्हा मी नक्कीच त्याच्या मागे होतो. तेवढ्यात त्याने ब्रेक दाबला, मी पुढे गेलो आणि तो बाद झाला. पुढच्याच फेरीत मीही बाद झालो.

संध्याकाळी राजघाटावर तापीकाठी बसून मी त्याला धरला. "ब्रेक का मारलास?"

"मंग काय करू जिजाजी? जावयाला बाहेर काढू? आई घरात घेईन का मला?"

"अरे, तुझे दोन गुण गेले."

"जाऊ द्या ना. टोटल बघतेत शेवटी. टेन्शन नका घेऊ."

मला खरोखर राग आला. मग मी जावयाचं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "उद्या परत ब्रेक मारलास तर तुमच्या घरी जेवणार नाही." त्याचा चेहरा उतरला. हे त्याला परवडण्यासारखं नव्हतं.

रविवारी सकाळी तिसरी शर्यत झाली. मी एकाही स्प्रिंटला हललो नाही, दुसऱ्यांच्या आडोशाला लपून राहिलो. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा माइकवरून सांगत होते, की एकूण गुणांत कापड बाजारातले एक शेठ तिसरे आहेत आणि सुनील सर एकाच गुणाने मागे. शेठ दमून पार मागे पडले होते. सुनील चौथा आला असता तरी दोन गुण मिळाले असते आणि तिसरा नंबर त्याचा होता. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता.

तिघे पुढे निघून गेले होते. बाकीचे स्प्रिंट मारमारून थकलेले, आणि माझ्या पायांत आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी शिल्लक होतं. मान खाली घालून सायकल हाणली. शेजारी एक चाक होतं, ते हळूहळू मागे गेलं. मी चौथा आलो. दोन्ही हात वर केले, वळून पाहिलं, तर ते चाक सुनीलचं होतं.

"ब्रेक मारलास?"

"नाही जिजाजी." त्याला धड बोलता येत नव्हतं. "जान लावली पूरी. तुम्ही खरंच पुढे निघून गेले."

मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिसरा नंबर गेल्याचं दुःख तिथे स्वच्छ दिसत होतं आणि ते लपवणं त्याला जमत नव्हतं. मला लाज वाटली. आनंदही झाला, आणि तो झाला म्हणून आणखी लाज वाटली.

दुपारी जेवायला मांडे होते. सासूबाई खूश होत्या, जावई पुढे गेला म्हणून. एरवी सुनील माझं ताट रिकामं राहू देत नाही. त्या दिवशी जिलेबीचं भांडं त्याच्याजवळच राहिलं. त्याने स्वतः दोनदा घेतली, मला विचारलंही नाही.

घरी आलो तर बायकोने पट्टा सोडता सोडता विचारलं, "खरंच हरवलंस त्याला?"

"हो."

"मग तोंड असं का?"

मी सायकल उतरवायला गेलो. नंतर काही दिवस सुनीलचा फोन आला नाही. मीच करावा म्हणून मोबाइल उचलायचो आणि ठेवून द्यायचो. मग काल त्याचाच आला. रामराम नाही, तब्येत नाही. "जिजाजी, पुढच्या खेपेला मी तुम्हाला सोडत नाही. सांगून ठेवतो."

लग्नानंतर सासुरवाडीने मला शाली दिल्या, नारळ दिले, अंगठी दिली. इतका खूश मी कधी झालो नव्हतो.