सूचनांतली माझी ओळ

उरवड्याच्या एका कारखान्यात मी संगणक विभागात आहे. भऱ्याहून, आमच्या गावाहून, स्कूटरवरून जाते. आमच्या मालाची सगळी नोंद एका मोफत डेटाबेसमध्ये असते. जगभरची माणसं मिळून तो बनवतात, आणि तो कसा वापरायचा हेही तीच इंटरनेटवर लिहून ठेवतात.

मागच्या वर्षी जुना संगणक बदलला. बॅकअप नव्या संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलं. सूचना वाचून तसंच्या तसं केलं, तर पडदा लाल ओळींनी भरला. हा वापरकर्ता अस्तित्वातच नाही, म्हणे. सकाळ त्यातच गेली. मला वाटलं, आपलंच इंग्रजी कच्चं, आपणच काहीतरी चुकीचं वाचलं. दुपारी डबा खाताना लक्षात आलं, की बॅकअपमध्ये माहिती येते, वापरकर्ते, म्हणजे ती वापरणाऱ्यांची खाती, येतच नाहीत. ते आधी नव्या संगणकावर तयार करावे लागतात. तसं केलं आणि सगळा डेटा बिनबोभाट चढला.

सूचनांमध्ये हे कुठेच नव्हतं. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "मग त्यांना कळव की! दुरुस्ती कुणीही पाठवू शकतं."

एक वाक्य इंग्रजीत लिहायला मला अख्खा रविवार लागला. लिहिलं, खोडलं, मोठ्यानं वाचलं, आणि शेवटी पाठवून दिलं.

उत्तर आलं ते कुठल्याशा देशातल्या एका बाईंचं, त्या सूचना सांभाळणाऱ्यांपैकी. "बरोबर आहे तुमचं. हीच उणीव आणखी एका पानावर आहे. तीही भरून काढाल का?" त्यांनी माझ्या इंग्रजीचा विषयही काढला नाही, उलट आणखी काम दिलं. मी तेही केलं. मग एका सकाळी कारखान्याच्या फाटकापाशी मोबाइल वाजला: दुरुस्ती स्वीकारली. स्कूटर बाजूला लावून मी ती ओळ तीनदा वाचली.

संध्याकाळी आबा, माझे वडील, गोठ्यात धार काढत होते. त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजी त्यांच्या लिखाणातली चूक तू दावलीस?"

"चूक नाही आबा, राहून गेलेली गोष्ट."

"आन् त्यांनी ऐकलं?"

"व्हय."

त्यांनी धार पुरी केली. मग दूध घालायला डेअरीवर गेले ते उशिरा परतले, आणि दुसऱ्या दिवशी गावातला जो तो मला विचारायला लागला, "परदेशातला कॉम्प्युटर तू नीट केलास व्हय गं?" एकच वाक्य लिहिलंय, असं मी सांगत राहिले. पटलं कुणालाच नाही, आणि खरं सांगायचं तर मीही फार जोर लावला नाही.

यंदा आमच्याकडे एक नवी मुलगी लागली. तिला बॅकअप चढवायला सांगितलं. सूचना वाचत तिनं आधी वापरकर्ते तयार केले, मग डेटा चढवला. कुठेही अडली नाही. गप्प बसायचं मी ठरवलं होतं, पण राहवलं नाही. पडद्यावर बोट ठेवून म्हटलं, "ही ओळ दिसतेय ना? ती मी लिहिलीये."