खालच्या ताईंचा माईक

गाण्यात मुख्य गायिका दम घ्यायला थांबते, तेव्हा मागून तीन-चार बायकांचा लांब ‘आ’ येतो ना, त्यातला सगळ्यात खालचा आवाज ताईंचा. ऐकणाऱ्याला तो वेगळा असा कळत नाही; काढून टाकला तर मात्र गाणं लंगडं वाटतं. म्हणून स्टुडिओत त्यांचं नावच पडलं होतं, खालच्या ताई. सगळ्या बायका एकाच माईकभोवती उभ्या राहायच्या आणि आवाज भरदार म्हणून ताईंना सगळ्यांच्या मागे उभं केलं जायचं. उभं करणारे त्यांचे यजमानच. काचेपलीकडे बसून ध्वनिमुद्रण करायचं त्यांचं काम. दोघांचं लग्न त्या काचेतूनच जमलं, असं वन्सं, म्हणजे ताईंची नणंद, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. दिवसभर कान वापरून आलेला माणूस घरी तोंड वापरत नसे, आणि ताईही गाऊन दमलेल्या. त्यांच्या घरात भांडणंसुद्धा खुणांनी व्हायची.

मग एका दुपारी यजमान जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

लोक म्हणाले, बाई मोठी धीराची. धीर वगैरे काही नव्हता. दात काढताना दिलेल्या इंजेक्शननं हिरडी जशी आपली वाटत नाही, बोट लावलं तर लागतं पण कळत नाही, तसं ताईंचं झालं होतं. त्या भाजी निवडत, आंघोळ करत, दार वाजलं की उघडत. वन्सं पलीकडच्या गल्लीतून रोज येत आणि वहिनीच्या तोंडाकडे बघत बसत. त्यांचाही भाऊच गेला होता. पण वहिनी रडत नाही तोवर आपण कसं रडायचं, अशी त्यांची पंचाईत.

अशात एका संगीतकाराचा फोन आला. गाद्यांच्या एका जाहिरातीत चार ओळींचा कोरस हवा होता. स्टुडिओ त्यानं कधीच सोडून दिला होता; आता सगळेच घरून गाऊन पाठवतात, म्हणाला. फक्त फोनवर रेकॉर्ड करू नका, एक बरासा माईक घ्या, पुढेही कामाला येईल. ताई हो म्हणाल्या. नाही म्हणायचं तर कारण सांगत बसावं लागलं असतं, आणि तेवढं बोलायची इच्छा नव्हती.

आता गंमत अशी, की ज्या बाईचा जन्म माईकसमोर गेला, तिनं माईक कधी विकत घेतला नव्हता. कुठला लावायचा ते यजमान ठरवत. ताईंनी माईक पाहिले ते पुढच्या बाईच्या खांद्यावरून. वन्सं म्हणाल्या, मी येते सोबत. त्यांना माईकमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घासाघीस करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

वाद्यांच्या दुकानाचा मालक एके काळचा ढोलकवादक. ताईंना पाहून तो उठून उभा राहिला, यजमानांबद्दल दोन शब्द बोलला आणि मग माईक काढू लागला. तीन माईक त्यानं काउंटरवर मांडले. एक अगदी स्वस्तातला. एक मखमली पेटीतला, किंमत ऐकून वन्संनी पदर सावरला. आणि एक मधल्या किमतीचा, काळा, जाडजूड, दिसायला वरवंट्यासारखा.

त्यानं मखमली पेटीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, “साहेब असते तर त्यांनी हाच घेतला असता.”

वन्सं लगेच म्हणाल्या, “मग हाच घ्या. दादाच्या आवडीचा.”

ताईंनी पेटीकडे बघितलं. “त्यांनी घेतला असता,” त्या म्हणाल्या. “पण त्यांना गायचं नव्हतं.”

हे त्या इतक्या सपाट आवाजात म्हणाल्या, की हसावं की गप्प राहावं हे दोघांनाही कळेना.

मालकानं त्यांना आतल्या छोट्या खोलीत नेलं. भिंतींना जाड फोम लावलेला, दार लावलं की कानांना दडे बसल्यासारखं होई. त्यानं हेडफोन दिले आणि पहिला माईक लावला. ताईंनी एक ओळ म्हटली. स्वस्तातल्या माईकमध्ये प्रत्येक ‘स’ तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचरला. तो बाजूला गेला. मग पेटीतला. त्यात ताईंना स्वतःचा श्वास ऐकू आला, जीभ टाळूवरून सुटल्याचा आवाज ऐकू आला, गिळलेला आवंढासुद्धा. मालक म्हणाला, बघा कसं स्वच्छ येतंय. वन्संनी दुसरा हेडफोन लावून मान डोलावली.

“दार उघडा जरा,” ताई म्हणाल्या.

मालकाला कळलं नाही. दार उघडलं तर दुकानातला गोंगाट आत येणार.

“माझ्या घराला असला फोम नाही. खिडकीखाली रस्ता आहे.”

दार उघडलं आणि त्या पेटीतल्या माईकनं सगळी गल्ली आत घेतली. पंख्याची घरघर, समोरचा रिव्हर्स घेणारा ट्रक, गिऱ्हाइकाच्या चपला. ताईंचा आवाज त्या गर्दीत सापडेना. मग मधल्या किमतीचा तो वरवंटा लावला. ट्रक होता, पण लांब गेला, पलीकडच्या चौकात असावा तसा. मालकानं समजावलं, की हा माईक जवळचं तेवढं ऐकतो, लांबचं सोडून देतो. पण त्याच्या अगदी तोंडाशी जावं लागतं, चार बोटं अंतर, फार तर पाच. लांब उभं राहिलात तर तुमचाही आवाज लांबचा होणार.

ताई जवळ गेल्या. गाऊ लागल्या आणि दुसऱ्या शब्दाला पाय आपोआप मागे गेले. हेडफोनमध्ये आवाज खोल विहिरीत गेला. पुन्हा जवळ, पुन्हा मागे. मालक म्हणाला, ताई, सरकू नका. त्या म्हणाल्या, मी नाही सरकत, पाय सरकतात. सगळा जन्म मागे उभं राहण्यात गेलेला. पायांना कोण सांगणार?

शेवटी वन्सं उठल्या, वहिनीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पाठीवर सपाट हात टेकवला. “आता जा बघू मागे,” म्हणाल्या.

ताई गायल्या. चारही ओळी, चार बोटांच्या अंतरावरून. हेडफोनमधला आवाज कुणा अनोळखी बाईचा वाटला, जरा घोगरा, वयस्कर, पण सुरात. आनंद झाला असं नाही. पाठीवरचा हात मात्र गरम आहे, एवढं कळलं. बऱ्याच दिवसांत काही गरम आहे की गार, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

“हा द्या,” त्या म्हणाल्या.

वन्संनी मग घासाघीस करून त्यावर स्टँड आणि तोंडापुढची जाळी फुकटात मिळवली. संगणकाला जोडायचं छोटं यंत्र कसं वापरायचं ते मालकानं दोनदा दाखवलं आणि जाताना सांगितलं, की घरात आवाज घुमेल, समोर जाड कपडे लटकवा.

घरी आवाज खरंच घुमला. उघड्या भिंती, फरशी, काचेचं कपाट. प्रत्येक शब्द जाऊन परत यायचा. ताईंनी रजई लटकवून पाहिली, चादरी पाहिल्या. मग त्यांना दाराशी ठेवलेल्या पिशव्या दिसल्या. यजमानांचे कपडे वन्संनीच भरून ठेवले होते, गरजूंना द्यायला. ताईंनी पिशव्या सोडल्या. जाड कोट, दोन स्वेटर, स्टुडिओतल्या गारठ्यात घालायची लोकरी जाकिटं, सगळे कपाटात पुन्हा हँगरला लावले, दारं सताड उघडी टाकली आणि त्यांच्यासमोर माईक मांडला.

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या आणि ते पाहून दारातच थबकल्या. कपडे द्यायचं ठरलं होतं, हे त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“राहू दे,” ताई म्हणाल्या. “त्यांनी आवाज घुमत नाही.”

वन्सं कपाटासमोर गेल्या, एका कोटाची बाही हातात घेतली आणि मग त्यांना रडू आवरलं नाही. वहिनीची वाट बघणं त्यांनी सोडून दिलं. ताईंनी त्यांना पलंगावर बसवलं, पाणी आणून दिलं, पेला रिकामा झाल्यावर परत नेऊन ठेवला. स्वतःच्या डोळ्यांना काही झालं नाही. मग वन्सं तोंड धुऊन आल्या आणि काही न सांगता पाठीमागे उभ्या राहिल्या, हात टेकवून.

आधी खालचा सूर झाला, तो दोनदा. त्यावर मधला. वरचा सूर ताईंनी आयुष्यात कधी लावला नव्हता. तो थोडा ताणला गेला, पण लागला. गादीवर किती गाढ झोप लागते, हे त्या एकट्या बाईनं चार बायकांच्या आवाजात गायलं. संगीतकाराला आवडलं. तिसऱ्या ओळीआधी श्वास ऐकू येतोय, तो काढू का, असं त्यानं विचारलं. ताई म्हणाल्या, काढा.

जाहिरात लागली. वन्संनी ती दातांच्या दवाखान्यात ऐकली आणि सगळ्या रांगेला सांगितलं, की या चारही बायका म्हणजे माझी वहिनी. कुणाचा विश्वास बसला नाही. आणखी कामं येत गेली, बेताचीच, पण येत गेली. कपडे कपाटातच राहिले. ताई कशा आहेत असं कुणी विचारलं तर ‘बरी आहे’ म्हणत. खरं की खोटं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढे एका सकाळी स्टुडिओतल्या वरच्या सुराच्या बाईंचा फोन आला. त्यांनाही माईक घ्यायचा होता, आणि कुठला घ्यावा ते कळेना. ताईंनी नाव सांगितलं नाही. आधी विचारलं, की खिडकी कुठल्या बाजूला उघडते, वरच्या मजल्यावर मुलं आहेत का, फ्रिज आवाज करतो का. मग म्हणाल्या, दुकानात गेलीस की दार उघडायला लाव. बोलणं लांबत गेलं. माईकवरून ते गुडघेदुखीवर गेलं, तिथून त्या बाईंच्या जावयावर. दूध वर येत होतं. ताईंनी फोन खांद्याशी धरून गॅस बंद केला आणि जावयाचं पुढे काय झालं ते विचारलं.