परदेशी कोशाची केस

मी आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांची वकील आहे. माल बंदरात किंवा डेपोत अडकला, कस्टमने जास्त ड्युटी लावली, की लोक माझ्याकडे येतात. घर भंडाऱ्याला, काम नागपूरला. पण वाढले पवनीत, मोठ्या आईजवळ. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिला मूल नव्हतं आणि माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे आमचं दोघींचं जमलं.

मोठी आई कोशाचं, म्हणजे जंगली टसर रेशमाचं, सूत काढायची. जंगलातले कोसे आणून उकडायचे, मग चार-पाच कोशांचे धागे एकत्र धरून उघड्या मांडीवर तळव्याने वळायचे. त्याच मांडीच्या कमाईवर मी नागपूरला जाऊन वकिली शिकले. तिचं सूत दलाल न्यायचा आणि ते पवनीच्या मागांवर चढायचं.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा नागपूरचा एक सुताचा व्यापारी माझ्याकडे आला. त्याने परदेशातून कोशाचं सूत मागवलं होतं. कस्टमचं म्हणणं, हे कोशाचं नाही, तुतीचं रेशीम आहे, आणि तुतीच्या रेशमावर देशातल्या तुती-शेतकऱ्यांना वाचवण्यासाठी जादा ड्युटी होती. लग्नसराई तोंडावर, आणि गावचं सूत पुरत नसल्याने आमच्या जिल्ह्यातले विणकर त्याच सुताची वाट पाहत मोकळ्या मागांपुढे बसलेले. मी डेपोत जाऊन एक लडी हातात घेतली. बोटांना लगेच कळलं. हा कोसाच. मी नमुना पुन्हा तपासायला लावला, सुनावणीत भांडले, आणि माल सुटला.

पवनीच्या विणकरांनी मला शाल-श्रीफळ दिलं. मोठी आई पहिल्या रांगेत बसली होती. माझं नाव पुकारलं तेव्हा तिने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की बाजूच्या बाया हसायला लागल्या. घरी आल्यावर तिने माझी दृष्ट काढली.

पुढच्या हिवाळ्यात ती भंडाऱ्याला माझ्या घरी आली. बरोबर सूत काढणाऱ्या आणखी दोन बाया. एरवी ती थेट स्वयंपाकघरात जायची. त्या दिवशी तिघीही बाहेरच्या खोलीत, अशिलांच्या खुर्च्यांवर बसल्या.

"बाई, आमची एक केस लढ," मोठी आई म्हणाली. "दलाल आता आमचं सूत नाही घेऊन राहिला. म्हणते, बाहेरचं सूत एकसारखं येते, तुटत नाही, सस्तं पडते. तू सरकारले सांग, थे सूत बंद करा म्हना."

मी सोडवलेला माल म्हणजे हेच सूत, हे तिला अजून कळलं नव्हतं. मीच सांगितलं, "मोठीमाय, थे सूत मीच सोडवलं होतं. ज्याच्यासाठी उभी राहिली, त्याच गोष्टीत त्याच्याच विरोधात मले उभं राहता येत नाही."

 बरोबरची एक बाई म्हणाली, "तुतीवाल्याईले तं सरकारनं वाचवलं ना? मंग आमाले काहून नाही?"

"त्यांनी दिल्लीत अर्ज केला. किती माल बनवतो, किती नुकसान झालं, सगळं कागदावर दाखवलं. तुमच्याजवळ एखादी पावती आहे का?"

"पावती कायची? आमी सूत काढतो, हे साऱ्या पवनीले मालूम आहे."

मोठी आई मग हळूच म्हणाली, "तू नाही, तं आमच्यासाठी कोन उभं राहीन?"

मी नागपूरच्या दुसऱ्या एका वकिलाचा पत्ता दिला. त्या जाऊनही आल्या. त्याने सांगितलं, आधी संस्था नोंदवा, मग या. संस्था कोण नोंदवणार? दोघींपैकी एक लेकीकडे निघून गेली. दुसरी मोठ्या आईबरोबर धानाच्या रोवणीच्या कामाला जाऊ लागली. आयुष्यभर मांडी घालून बसलेली माझी मोठी आई त्या वयात चिखलात वाकली. तिच्या पायाला जखम झाली, ती भरेना, तेव्हा मी तिला भंडाऱ्याला आणलं.

ती माझ्याकडे चार महिने राहिली. ती मला एक शब्द लावून बोलली नाही. उलट कोणी आलं की सांगायची, "माही पोरगी इमानदार आहे, एकाचं घेऊन दुसऱ्याचं नाही करत." दुपारी मी कोर्टातून लवकर आले की ती गॅलरीत बसलेली दिसायची. पोत्याच्या कडेचे सुटलेले धागे ओढून ती मांडीवर वळत असायची. मला पाहिलं की लुगडं खाली सारायची.

एकदा मी म्हटलं, "मोठीमाय, मी कोसे आणून देऊ?"

"कोनासाठी काढू?" ती म्हणाली. पुढे म्हणाली, "मले पवनीले नेऊन दे. इथं मले दिवस नाही जात."

मी तिला पोहोचवून आले. दर रविवारी जायचं ठरवलं होतं. काही रविवार गेले, काही चुकले.

पुढच्या पौषात सकाळी फोन आला. मी पोहोचले तेव्हा तिला न्हाऊ घालून झालं होतं. माझ्याकडे केस घेऊन आलेल्यांपैकी जी बाई गावात उरली होती, तिनेच सगळं केलं होतं. विणकर आले होते. एकाने नवं कोशाचं वस्त्र आणलं, ते तिच्यावर घातलं. त्याचं सूत कुठलं हे मी हात लावून पाहिलं नाही.

सगळे पांगल्यावर ती बाई माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तीन दिवस ताप होता. आमी म्हटलं, बाईले फोन करतो. तं नाही म्हने. ‘तिची तारीख असन, तिले काहून बलावता?’"

त्या आठवड्यात माझी एकही तारीख नव्हती. मी घरीच होते.