भासऱ्यांसमोर उलटतपास

मला ऑनलाइन साक्षीचा भारी पुळका होता. तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. एका तारखेसाठी दोन एसट्या बदलून येणारी आणि दिवसभर बाकड्यावर बसून पुढची तारीख घेऊन जाणारी माणसं रोज बघते. म्हणून कोर्टात कॅमेरा आला तेव्हा म्हटलं, चला, आता न्याय माणसाच्या ओसरीवर जाणार. बार रूममधले बुजुर्ग नाक मुरडायचे, मी त्यांच्याशी तावातावानं भांडायचे. भांडायला मला तसंही निमित्त लागत नाही.

त्या वर्षी माझी एक पक्षकार होती साखऱ्याकडच्या खेड्यातली. साठीची विधवा, तीन एकर रान. मी तिला मावशी म्हणायचे. तिच्या रानाचा गाडीरस्ता भासऱ्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या शेतातून जायचा. नवरा होता तोवर कुणाची हरकत नव्हती. तो गेला आणि रस्त्यावर काट्या पडल्या. मळणीयंत्र आत जाईना, म्हणून मागच्या हंगामात मावशीनं सगळं सोयाबीन डोक्यावर वाहिलं. यंदा पुन्हा पीक पिवळं पडायला लागलेलं, रस्ता मिळाला नाही तर शेंगा उभ्याउभ्या फुटणार. त्यात नेमकी उलटतपासाच्या तारखेआधी मावशी घसरून पडली आणि पाय गेला प्लास्टरमध्ये.

"वकीलबाई, मी कशी येऊ आता?" फोनवर रडकुंडीला आली होती.

"कशाला येता? कोर्टच तुमच्या घरी येतंय," मी ऐटीत म्हणाले.

कोर्टानं परवानगी दिली. साक्षीदाराला कुणी शिकवू नये म्हणून कोर्टाचा एक क्लार्क टॅब घेऊन तिच्या घरी गेला, मी मात्र इकडे कोर्टातच. भासरे हिंगोलीला लेकीकडे होते, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनीही लिंक मागितली. मी मोठ्या मनानं "हरकत नाही" म्हणून टाकलं.

पडद्यावर मावशी दिसली. इरकल नेसून, ताठ बसून तिनं शपथ घेतली, आवाज कसा खणखणीत! तेवढ्यात शेजारच्या चौकटीत भासरे उगवले. काळा चष्मा, मिशा, तोंड कॅमेऱ्याला चिकटलेलं. मावशीचा पदर सर्रकन हनुवटीपर्यंत खाली आला आणि तोंडाला कुलूपच लागलं.

समोरचे वकील उठलेच. "साहेब, पदराआड हेडफोन आहे! कुणीतरी शिकवतंय!"

जजसाहेबांनी क्लार्कला खोली दाखवायला सांगितली. टॅब फिरला. खताची रिकामी पोती, बाजेखाली एक कोंबडी, बाकी कुणी नाही.

"मावशी, पदर वर घ्या," मी म्हणाले. पदर नकारार्थी हलला. "अहो, बोला ना काहीतरी!" माझा आवाज असा चढला की साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

शेवटी क्लार्कच खाकरला. "साहेब, भासरे दिसून राहिले त्यांना. पदर कसा काढतील?"

मला खरंच सुचलं नव्हतं. आमच्या घरी ही रीत नाही. माझी आई माझ्या थोरल्या काकांशी समोरासमोर भांडते. पण ही दोघं चाळीस वर्षं एका गावात राहून एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं असेल तर मधे नवरा. कोर्टात ती पिंजऱ्यात जजसाहेबांकडे तोंड करून उभी राहिली असती, भासरे मागच्या बाकावर. मी मात्र त्यांना थेट तिच्या नाकासमोर आणून ठेवलं. वा गं वकीलबाई, काय पण हुशारी!

मागून एक वकील मित्र कुजबुजला, "त्यांची लिंक कटू दे. रेंज गेली म्हणता येतं."

खोटं कशाला सांगू, मिनिटभर मोह झाला. आपल्याकडे रेंज गेली म्हटलं की कोण शंका घेतो? पण ज्याच्याविरुद्ध साक्ष चाललीय त्याला ती ऐकू येऊ द्यायची नाही, हे माझ्या पक्षकारासोबत कुणी केलं असतं तर मी कोर्ट डोक्यावर घेतलं असतं. मी उठले. "साहेब, त्यांना ऐकण्याचा हक्क आहे, ते लिंकवर राहू द्या. फक्त कॅमेरा बंद करायला सांगा."

"माझं तोंड नडून राहिलं व्हय?" भासरे म्हणाले आणि स्वतःच बटणं दाबू लागले. एकदा पंखा दिसला, एकदा लेकीचा स्वयंपाकाचा ओटा दिसला. शेवटी वैतागून त्यांनी खुर्चीच उलटी फिरवली. पडद्यावर उरली पांढरी पाठ आणि टोपी. अख्खं कोर्ट हसलं. साहेबांनीही रुमाल तोंडाला लावला.

इकडे पदर वर गेला.

"बाई, त्या रस्त्यानं जाताना तुम्हाला कुणी पाहिलं होतं?" समोरच्या वकिलांनी विचारलं.

"भासऱ्यांनीच की. मी नवीन नवरी, पेरणी चालू व्हती, मालक बियाणं आणाया गेलते. भासऱ्यांनीच मला बैलगाडीत बसवून त्या रस्त्यानं रानात नेलं. ते पुढं, मी मागं तोंड करून. बोलले न्हाईत, पण खड्डा आला की गाडी हळू घ्यायचे."

"हे साफ खोटं आहे."

"खोटं काहून म्हणता वो वकीलसाहेब?" पाठ बोलली. "मीच नेलं व्हतं तिला."

त्यांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. भासऱ्यांची लिंक कटली असती तर हे वाक्य कुणाच्याच कानावर आलं नसतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग रस्ता का अडवला?"

"काट्या जनावरांसाठी टाकल्या व्हत्या, साहेब. काढा म्हणून निरोप यीन म्हणलं. पण निरोप आणणारा भाऊच न्हाई राहिला. निस्ती नोटीस आली."

नोटीस माझी होती. त्यातला 'दांडगाईने' हा शब्द मी फार हौसेनं घातला होता. मला कुठं तोंड लपवावं कळेना.

तडजोड करता का, असं साहेबांनी विचारलं. "काट्या आजच काढाया लावतो," भासरे म्हणाले. मग पाठमोरेच, "सोयाबीन कधी काढायचं?"

हे साहेबांना विचारलेलं नव्हतं. मी आपली फाईल चाळत बसले.

"साहेब, त्यास्नी सांगा, पाय बरा झाला की काढू," मावशी म्हणाली.

"तवर शेंगा फुटतील. परवा माझ्या रानात मशीन येऊन राहिलं, तसंच पुढं तिकडं घालतो. निस्ती मशीनवरच्या माणसांच्या भाकरीची अडचण हाय, तिचा तर पाय मोडलाय."

साहेब निरोप सांगायला तोंड उघडणार, तोच मावशी त्या पाठीकडे बघून बोलली.

"पाय मोडलाय, हात न्हाई. किती जणांच्या करू?"